हिममानवाची हाडे सापडली नाहीत, म्हणून तो नाहीच? हिशेब मांडण्याची रीत

हिममानवाचा वाद साधारण दोन वाक्यांत अडतो. एक जण म्हणतो, "असता तर एव्हाना एखादा सांगाडा तरी मिळाला असता." दुसरा म्हणतो, "रानात मेलेले अस्वल तरी कधी कुणाला दिसते?" दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि दोघांनीही आकडा दिलेला नाही. किती सांगाडे मिळायला हवे होते हे ठरवल्याशिवाय, एकही मिळाला नाही या गोष्टीला किती वजन द्यायचे ते कळत नाही. ते ठरवायची रीत पुढे दिली आहे. उदाहरण हिमालयातल्या यतीचे, म्हणजेच हिममानवाचे, घेतले आहे, कारण त्याच्याबद्दलच्या नोंदी भरपूर आहेत. पण दंतकथेतल्या कुठल्याही प्राण्याला हीच रीत लावता येते.

आपल्याकडच्या तर्कशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानतात: जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तिथे घट नाही. मात्र त्याला अट आहे. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत, मध्ये आडोसा नको. तेवढ्या अटीनिशी जे 'न दिसणे' असते तेच प्रमाण, एरवी नाही. धर्मकीर्तीच्या परंपरेतले बौद्ध तार्किक इथे पिशाच्चाचे उदाहरण घेतात: पिशाच्च मुळातच दिसण्याजोगे नसेल, तर ते दिसले नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. पुढची सगळी आकडेमोड म्हणजे ही अट यतीच्या बाबतीत पुरी होते का, याची तपासणी आहे.

आधी दावा कागदावर उतरवा

चार गोष्टी लिहा: अंगलट, राहण्याची जागा, संख्या आणि काळ. लिहून खाली तारीख टाका. या वादात जे बिघडते ते बहुतेक वेळा इथेच, कारण हिशेब अडचणीचा निघाला की दावा हळूच सरकतो.

अंगलट ठरवताना पाऊलखुणेवरून उंची काढून बघा. माणसाच्या पावलाची लांबी उंचीच्या साधारण १५ टक्के असते. भारतीय लष्कराने एप्रिल २०१९ मध्ये मकालू बेस कॅम्पजवळच्या ज्या ठशांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकली, त्यांचे माप ३२ इंच बाय १५ इंच दिले होते. ३२ ला ०.१५ ने भागले की २१३ इंच येतात, म्हणजे जवळपास पावणेअठरा फूट. एवढा प्राणी कुणीच मागत नाही. बर्फ वितळताना ठसा पसरतो, शिवाय चालताना अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडून दोन्ही मिळून एक लांब पाऊल तयार होते. मोठ्या ठशांचा उलगडा बहुधा एवढ्यातच होतो. आपण सात फूट उंच, दोन पायांवर चालणारा वानर धरू.

जागेबद्दल दोन मते असतात. एक, तो हिमरेषेच्या वर राहतो. दोन, बर्फ तो फक्त ओलांडतो, राहतो खालच्या गुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि बांबूच्या रानात. कुठलेही एक घ्या, पण एकच घ्या. वरचा भाग घेतला तर तिथली थंडी अवशेष टिकवते. रूपकुंड हे तळे पाच हजार मीटरच्या आसपास आहे. तिथले मानवी सांगाडे १९४२ मध्ये एका वनाधिकाऱ्याला दिसले, आणि २०१९ मध्ये त्यातल्या ३८ जणांच्या हाडांतून डीएनए काढता आला. त्यातल्या अनेकांची हाडे एक हजार वर्षांहून जुनी होती. एव्हरेस्टवर १९२४ मध्ये दोन माणसे हरवली: मॅलरीचा देह १९९९ मध्ये मिळाला, अर्विनचे बुटासह पाऊल २०२४ मध्ये. मॅलरीचा शोध मुद्दाम घेतला गेला होता हे खरे, पण हरवलेली माणसे दोनच होती हेही खरे. खालचे रान घेतले तर ओल, बुरशी आणि आम्लधर्मी माती हाडे खाते. पण त्या रानात गुराखी, सरपण नेणाऱ्या बायका आणि वनौषधी गोळा करणारे वर्षभर फिरतात. एकीकडे टिकण्याची शक्यता जास्त, दुसरीकडे दिसण्याची. वादात मात्र दोन्हीकडचे सोयीचे तेवढेच उचलले जाते: बर्फातली निर्मनुष्यता आणि रानातली कुज.

संख्येच्या बाबतीत "एखाद-दुसरा उरला असेल" हे उत्तर चालत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तग धरायची तर प्रजनन करणारे जीव पुरेसे लागतात. संवर्धनशास्त्रात १९८० पासून ५० आणि ५०० हे ठोकताळे वापरतात: अंतःप्रजननाचा तात्काळ धोका टाळायला ५०, दीर्घकाळ टिकायला ५००. हे आकडे फक्त प्रजननात भाग घेणाऱ्यांचे. प्रत्यक्ष डोकी त्याहून जास्त लागतात. आपण यतीला झुकते माप देऊन एकूण ५०० धरू.

काळ १९५१ पासून, म्हणजे गिर्यारोहक एरिक शिप्टनने मेनलुंग हिमनदीवर काढलेले पाऊलखुणेचे छायाचित्र जगभर गाजले तेव्हापासून. तिथून पुढे हिमालयात माणसे यती शोधायलाच जाऊ लागली. सुमारे ७५ वर्षे झाली.

मृत्यू मोजा

वानरांच्या मानाने सरासरी आयुष्य २५ वर्षे धरा. संख्या स्थिर असेल तर दरवर्षी ५०० भागिले २५, म्हणजे २० मृत्यू. ७५ वर्षांत १५००. ही आकडेमोड ढोबळ आहे आणि ढोबळच ठेवा. आयुष्य ४० धरले तर मृत्यू ९४० च्या आसपास येतात, १५ धरले तर २५००. निष्कर्ष अशा फरकाने पालटत नाही, पुढच्या आकड्याने पालटतो.

एक मृतदेह प्रयोगशाळेपर्यंत पोहोचण्याची शक्यता

सगळा वाद या आकड्यात आहे, म्हणून इथे घाई करू नका. थेट अंदाज बांधला की प्रत्येक जण आपल्या मताला सोयीचा आकडा सांगतो. त्याऐवजी चार तुकडे पाडा आणि त्यांचा गुणाकार करा.

पहिला तुकडा: कुणी येईपर्यंत ओळखण्याजोगे काही उरणे. इथे "मेलेले अस्वल कुणाला दिसते" म्हणणाऱ्याची बाजू खरोखर भक्कम आहे. गिधाडे आणि कोल्हे मांस संपवतात. हिमालयातल्या दाढीवाल्या गिधाडाचे मुख्य अन्नच हाडे. मोठे हाड उंचावरून खडकावर टाकून ते फोडते आणि गिळते. साळिंदर कॅल्शियमसाठी हाडे आणि शिंगे कुरतडते. उघड्यावर उरलेल्या हाडाला ऊन, पाऊस, गारठा चिरा पाडतो. केनियातल्या अंबोसेलीच्या उघड्या मैदानात मोठ्या प्राण्यांची हाडे साधारण पंधरा वर्षांत भुगा होऊ लागतात असे दिसले आहे. सगळ्यांत जास्त टिकतो दात, कारण त्यावरचे आवरण हाडापेक्षा टणक असते. प्रचंड वानर जायगँटोपिथेकस आपल्याला माहीत आहे तो असाच: काही जबडे आणि दोनेक हजार दात, बाकी धड नाही. त्यातला पहिला दात १९३५ मध्ये हाँगकाँगच्या एका औषधी दुकानात मिळाला. हा तुकडा १० त १ धरू.

दुसरा तुकडा: तिथून कुणीतरी जाणे. हाही १० त १. मृत्यू नकाशावर सारखे पसरलेले नसतात हे लक्षात असू द्या. दरड, हिमलोट, पाणवठा आणि रस्ता यांच्याजवळ जास्त होतात आणि माणसेही तिथेच जास्त असतात, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असू शकतो.

तिसरा: पाहणाऱ्याला ते वेगळे वाटणे. बरगडी बघून ती याकची की आणखी कुणाची हे सांगता येत नाही. कवटी असेल तर कुणालाही कळते. २ त १. चौथा: ते तपासू शकणाऱ्याच्या हाती जाणे. ५ त १.

गुणाकार १००० त १.

हिशेब

वैज्ञानिक कॅल्क्युलेटर घ्या. १ मधून ही शक्यता वजा करा आणि उत्तराचा मृत्यूंच्या संख्येइतका घात काढा. ०.९९९ चा १५०० वा घात येतो ०.२२. म्हणजे यती असूनही ७५ वर्षांत एकही अवशेष हाती न येण्याची शक्यता २२ टक्के. हे काही अशक्य नाही. नुसत्या "हाडे कुठेत?" या प्रश्नावर यती निकालात काढणाऱ्याने हा आकडा नीट बघावा.

आता शक्यता बदलून बघा. ५०० त १ धरली तर ५ टक्के. १०० त १ धरली तर सुमारे ३५ लाखांत एक, म्हणजे विषय संपला. उलट १०,००० त १ धरली तर ८६ टक्के, म्हणजे हाडे न मिळण्यावरून काहीच कळत नाही. सोबत एक सोपा ठोकताळा: इतके मृत्यू होऊन शून्य सापडले, तर ३ भागिले मृत्यूंची संख्या ही शक्यतेची वरची मर्यादा समजा, ९५ टक्के खात्रीने. इथे ३ भागिले १५००, म्हणजे ५०० त १. यती मानणाऱ्याने याहून कमी आकडा का, याचे कारण द्यायला हवे. "तो फार हुशार आहे" हे कारण चालत नाही. हुशारी मेल्यानंतर कामी येत नाही. "ते आपले मृत पुरतात" हा दावा करता येतो, पण तो वेगळा दावा आहे आणि त्याला वेगळा पुरावा लागेल.

उरते ती आधीची समजूत. समजा यतीसारख्या १०० दंतकथांपैकी १० खऱ्या निघतात असे तुम्ही मानता. हजारात एकच्या हिशेबाने त्या १० पैकी सुमारे २.२ च अजून 'अवशेषांविना' असतील. खोट्या ९० तर सगळ्याच अवशेषांविना असणार. २.२ भागिले ९२.२ म्हणजे २.४ टक्के. दहा टक्के विश्वास अडीच टक्क्यांवर आला. तो शून्य झाला नाही, पण होता तिथेही राहिला नाही. अवशेष न मिळणे हा पुरावा असतो, फक्त त्याचे माप दरवेळी काढावे लागते.

शेजाऱ्यांवरून आकडा पडताळा

१००० त १ हा अंदाजच आहे. तो ताडून बघायचा तर त्याच डोंगरातला, तितकाच विरळ, तितकाच लाजाळू असा माहीत असलेला प्राणी घ्या. हिमबिबट्या उत्तम. २०२४ च्या गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज निघाला; म्हणजे आपण यतीला जी संख्या बहाल केली साधारण त्याच माळेतला. त्या गणनेत १,९७१ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते आणि त्यांत २४१ वेगवेगळे हिमबिबटे टिपले गेले. याच कॅमेऱ्यांसमोरून सात फुटी वानरालाही जावे लागले असते. शिवाय २०१६ च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार जगभरात वर्षाला २२१ ते ४५० हिमबिबटे चोरून मारले जातात, आणि त्यातल्या कित्येकांची कातडी बाजारात येते. यतीला कुणी भीतीने मारत नाही असे म्हटले तरी तपकिरी अस्वल आहेच. तेही विरळ, तेही लोकांच्या भीतीचे, आणि त्याची हाडे, कातडी, केस संग्रहालयांत आहेत. शेजाऱ्यांकडे पाहता १००० त १ हा आकडा यतीला सवलत देणाराच ठरतो.

पडताळा घेताना एक खोड टाळा: रान वेगळे, प्राणी वेगळा, आणि तुलना मात्र बिनदिक्कत. व्हिएतनाम-लाओसच्या सीमेवरचा साओला हा लांब शिंगांचा प्राणी १९९२ पर्यंत विज्ञानाला ठाऊक नव्हता, म्हणून यतीही असेल, हे अनुमान नाही. साओलाचे रान घनदाट, ओले, आणि त्याआधी कित्येक वर्षे युद्धात सापडलेले.

देह एकदाच पडतो, केस रोज गळतात

'अवशेष' म्हटले की लोक सांगाडाच शोधतात. जिवंत प्राणी रोज लेंड्या टाकतो, केस गाळतो, पाण्यात पेशी सोडतो. ५०० प्राणी ७५ वर्षांत १५०० देह ठेवतात, पण लेंड्या कोटीच्या वर. महाकाय प्राण्याच्या दंतकथेसाठी प्रसिद्ध असलेल्या स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यात २०१८ मध्ये न्यूझीलंडच्या नील गेमेल यांच्या गटाने पाण्याचे सुमारे २५० नमुने घेऊन त्यातला डीएनए वाचला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस नाही, ईल माशाचा डीएनए मात्र विपुल. आता दावा लिहून ठेवण्याचा उपयोग बघा. "जुन्या काळातला महाकाय सरपटणारा प्राणी" असा दावा असेल तर तो इथे पडतो; "काहीतरी मोठे, लांबट" असा असेल तर ईलच्या आडोशाने तगतो. तळ्याचा इतिहास त्याआधीच पहिल्या दाव्याच्या विरुद्ध आहे: सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत ती जागा हिमनदीखाली होती.

रानात जाण्याआधी घराघरांत बघा

नव्याने 'सापडलेले' मोठे प्राणी कसे सापडले याकडे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. साओलाची शिंगे शिकाऱ्यांच्या घरांत टांगलेली होती. काँगोतल्या ओकापीचे (जिराफाच्या कुळातला प्राणी) कातडे पट्ट्यांच्या रूपात १९०० मध्येच हाती आले, नाव मिळाले १९०१ मध्ये. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जाळ्यात आलेला सीलाकँथ हा मासा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला असे मानत होते. पण कोमोरोसच्या कोळ्यांना तो 'गोंबेसा' म्हणून ठाऊक होता, क्वचित गळालाही लागत असे. महाकाय स्क्विडला १८५७ मध्ये नाव मिळाले ते चोचीवरून, जिवंत छायाचित्र २००४ चे. अवशेष होते, अडले होते ते आपल्या गुणाकारातल्या तिसऱ्या आणि चौथ्या तुकड्यात. म्हणून शोध घेणाऱ्याने आधी मठ, बाजार, शिकारी आणि वैदू यांच्याकडे विचारावे.

यतीच्या बाबतीत हे सगळे झालेले आहे, आणि वादाचे मूळ वाक्य इथेच कोसळते. यतीचे अवशेष मिळाले नाहीत असे नाहीच. ते पुष्कळ मिळाले. खुमजुंगच्या मठातली 'यतीची टाळू' एडमंड हिलरीने १९६० मध्ये तपासणीसाठी परदेशी नेली, गावातले खुंजो चुंबी स्वतः सोबत गेले. ती सेरो या बोकडासारख्या रानटी प्राण्याच्या कातड्याची निघाली. पांगबोचेच्या मठातल्या 'यतीच्या हाताचे' बोट २०११ मध्ये एडिंबरात तपासले, ते माणसाचे. मेघालयातल्या गारो टेकड्यांतल्या 'मांदे बुरुंग'चे म्हणून दिलेले केस २००८ मध्ये हिमालयीन गोरल या शेळीसारख्या रानटी प्राण्याचे ठरले. २०१७ मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने हाड, दात, कातडे, केस, विष्ठा असे यतीचे म्हणून जपलेले ९ नमुने वाचले: ८ अस्वलांचे, १ कुत्र्याचा.

याचे वजन रिकाम्या हातांपेक्षा बरेच जास्त आहे. हाती काहीच न येणे दोन्ही पक्षांना थोडेफार सामावून घेता येते. पण लोकांनी स्वतः निवडून, वर्षानुवर्षे जपून दिलेली वस्तू दरवेळी अस्वल, सेरो, गोरल, कुत्रा किंवा माणूसच निघते, तेव्हा तिसरा आणि चौथा तुकडा नीट चालतो हे दिसते: विचित्र वाटलेली गोष्ट लोक उचलतात, ठेवतात आणि तपासायला देतातही. १००० त १ मधला ५ त १ हा भाग इथे वर सरकवावा लागतो, आणि २२ टक्क्यांचा आधार त्या प्रमाणात खचतो.

हाती आलेला अवशेषही खोटे बोलू शकतो. वनपिंगळ्याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नव्हता. १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचा ब्रिटिश पक्षीसंग्राहक माइनर्ट्झहागेन यांचा एक नमुना मात्र संग्रहालयात होता. तो जुना नमुना चोरून, चिठ्ठी बदलून ठेवलेला होता. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध भलतीकडे गेला. ती बाद केल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो पक्षी तेव्हाच्या धुळे, आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ दिसला. सापडत नाही म्हणताना कुठे शोधले हेही विचारायचे ते यासाठी.

आणि मृतदेह लागतोच असेही नाही. पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांनी २००६ मध्ये अरुणाचलातल्या ईगलनेस्टमधून बुगुन लिओसिकला हा नवा पक्षी नोंदवला तो पिसे, छायाचित्रे आणि आवाजावर. पकडलेला पक्षी सोडून दिला होता.

नवा नमुना आला तर

भारतात वन्यप्राण्याचे हाड, कातडे, दात उचलून घरी नेऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३९ नुसार मृत वन्यप्राणी सरकारी मालमत्ता आहे आणि तसे काही ताब्यात आल्यास ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. जागेवरच मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या, जीपीएस नोंद करा, वनरक्षकाला बोलवा. नमुना घेणे त्यांच्या देखरेखीखाली होऊ द्या.

केस हातमोजे घालून चिमट्याने, मुळासकट, दहा-वीस तरी. कागदी पाकिटात, सोबत सिलिका जेल. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए तुटतो. ताज्या लेंडीचा बाहेरचा पापुद्रा वाटाण्याएवढा, ९५ टक्के इथेनॉलमध्ये बुडवून. फॉर्मलिन अजिबात नको; त्यात आकार टिकतो, डीएनए बिघडतो. गोळा करणाऱ्याच्या गालाचा स्वॅब वेगळा ठेवा, म्हणजे 'मानवी' उत्तर आले तर ते कुणाचे हे ताडता येईल. त्याच भागातल्या ओळखीच्या अस्वलाचे आणि कुत्र्याचे केस तशाच पाकिटांत, फक्त क्रमांक टाकून मिसळा. दोन प्रयोगशाळांकडे पाठवा आणि 'यती' हा शब्द अर्जात लिहू नका.

अहवाल आला की आधी किती लांबीचा डीएनए वाचला ते बघा. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २०१४ मध्ये ३० केसांचे विश्लेषण छापले. लडाख आणि भूतानचे दोन नमुने प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळल्याने खळबळ उडाली. वाचलेला तुकडा होता जेमतेम १०४ अक्षरांचा. इतर संशोधकांनी पुन्हा पाहिल्यावर तो हिमालयातल्या तपकिरी अस्वलात बसला. दुसरे, "निष्कर्ष नाही" आणि "अज्ञात प्राणी" यांत गल्लत करू नका. पहिल्याचा अर्थ नमुना खराब. खरोखरच अनोळखी वानर असेल तर स्वच्छ, लांब, पुन्हा काढता येणारा क्रम मिळेल. तो माणूस, गोरिला, ओरांगउटान यांच्या फांदीजवळ पडेल आणि त्यांच्यापैकी कुणाशीही पुरता जुळणार नाही. तसा अहवाल दोन्ही प्रयोगशाळांकडून आला, तर वर लिहून ठेवलेला दावा काढा आणि हिशेब पहिल्यापासून मांडा.